जुना प्रवासी ट्रेलर पुन्हा राहता करताना: आधी छप्पर, मग नळ, शेवटी सुतारकाम

गोव्यात मांद्र्याच्या आपल्या भाटात (माडांच्या बागेत) गेली आठ वर्षे माडांखाली उभा असलेला, १९७०च्या दशकातील सोळा फुटी अमेरिकी प्रवासी ट्रेलर आपल्याकडे आला आहे. आतील कुजलेले फर्निचर काढून नवे करावे, सीपीव्हीसीचे नळ टाकावेत, आत कमोड आणि गीझर बसवावा, एरवी तो पाहुण्यांची खोली म्हणून वापरावा आणि वर्षातून एखाद्या वेळी चोर्ला घाट चढून वर न्यावा, असा आपला बेत आहे. सुतार मोकळा आहे म्हणून त्याच्यापासून सुरुवात करावी का, असे आपण विचारले आहे. नोंदणीच्या कागदपत्रांविषयी आपण काही विचारलेले नाही, त्यामुळे तो विषय मी बाजूला ठेवतो. चाके रस्त्यावर आणण्यापूर्वी तेवढे आरटीओत जाऊन पक्के करून घ्यावे.

सुतारापासून सुरुवात करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मी स्वतःच्या पैशाने शिकलो आहे. बोटींच्या केबिनची कामे करता करता मी ट्रेलरांकडे वळलो, तेव्हा माझ्या पहिल्याच ट्रेलरमध्ये मी आधी पलंग, कपाटे आणि ओटा पक्का बसवला आणि मग प्लंबरला बोलावले. त्याने घरात टाकतात तसे सीपीव्हीसीचे कडक पाइप पलंगामागून नेले, एल्बो (कोपऱ्याचे जोड) सोल्युशनने चिकटवले आणि काम सुबक दिसले. अनमोड घाटातून एकदा जाऊन आल्यावर पलंगाखालची प्लाय फुगलेली दिसली. गळणारा सांधा सापडेपर्यंत मला नवा पलंग करवतीने कापावा लागला. तेव्हापासून माझ्या कामाचा क्रम बदललेला नाही: बाहेरून येणारे पाणी आधी बंद करायचे, आत खेळवायचे पाणी त्यानंतर आणायचे, आणि ज्या सांध्यापर्यंत हात पोचत नाही असा सांधा ठेवायचाच नाही.

आता बाहेरच्या पाण्याविषयी. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. हे ट्रेलर ज्या देशात बनले तिथल्या कारखानदाराने असा पाऊस गृहीत धरलेला नव्हता. आपल्या वर्णनावरून आपला ट्रेलर लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा ठोकलेल्या जातीचा दिसतो. एअरस्ट्रीमसारख्या ट्रेलरांत पत्रा रिव्हेटने ॲल्युमिनियमच्याच कमानींवर बसवलेला असतो आणि तिथे कुजते ती मुख्यतः जमिनीची प्लाय. मागच्या टोकाची जमीन कुजून कवच चासीपासून सुटणे हे त्यांचे नेहमीचे दुखणे आहे. आपल्या जातीच्या ट्रेलरमध्ये मात्र भिंतीतले दीड-दोन इंची लाकडी उभे तुकडेच कुजतात, आणि बाहेरचा पत्रा चकचकीत राहिल्यामुळे ते वर्षानुवर्षे कळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी एक टोचा घेऊन खिडक्यांच्या खालच्या कडा, चारही कोपरे, छतावरच्या झरोक्याभोवतीची चौकट आणि मागच्या खिडकीखालची जमीन टोचून पाहावी. टोचा लोण्यात शिरावा तसा शिरला, तर तिथले आतले आवरण उघडावे लागणार हे धरून चालावे.

गळती शोधताना बहुतेक जण छतावर पाण्याची नळी सोडतात आणि आत थेंब दिसला की वरच्या सांध्यावर सिलिकॉन फासतात. पाणी मात्र सांगाड्याच्या लाकडावरून वाहत भलत्याच ठिकाणी खाली उतरते. नळीचे पाणी नेहमी खालून वर न्यावे: प्रथम चाकांच्या कमानी, मग खिडकीची खालची कड, मग बाजूची, मग वरची, आणि छताची शिवण सर्वांत शेवटी, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे पाणी सोडावे आणि आत एकाने टॉर्च घेऊन बसावे. असे केले तरच कोणत्या सांध्याने पाणी घेतले ते नेमके कळते. दुसरी पद्धत म्हणजे सगळी दारे-खिडक्या बंद करून एका फटीतून ब्लोअरने आत हवा भरायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे. जिथे बुडबुडे फुटतात तिथे भोक आहे.

सिलिकॉनविषयी थोडे कठोर बोलतो. ट्रेलरच्या पत्र्यावर सिलिकॉन लावू नये. ते काही वर्षांत कडेने सुटते, आणि त्याचा तेलकट थर राहिलेल्या जागी नंतर रंग किंवा दुसरे सीलंट, काहीही धरत नाही. कोपऱ्याच्या पट्ट्या आणि खिडक्यांच्या चौकटी स्क्रू काढून पूर्ण सोडवाव्यात, पन्नास वर्षांची वाळून खडूसारखी झालेली पुट्टी खरवडून काढावी, तिथे ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घालून पट्टी पुन्हा आवळावी आणि बाहेर आलेला मऊ भाग कापून टाकावा. उघड्या कडेवर पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमर सीलंटची बारीक रेघ ओढावी. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, मात्र खाऱ्या हवेत स्टील आणि ॲल्युमिनियम थेट टेकले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून प्रत्येक स्क्रू सीलंटमध्ये बुडवून बसवावा. समुद्रापासून इतक्या जवळ साधा लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांतच तांबड्या ओघळाने आपली जागा दाखवतो.

आणि ट्रेलर माडाखालून हलवा. नारळ पडून पत्र्याला पडलेला खळगा मी अनेकदा ठोकून सरळ केला आहे, पण त्या ठिकाणची शिवण पुन्हा कधीच पूर्वीसारखी बसत नाही. मोकळ्या जागी चार खांबांवर पत्र्याचे साधे छप्पर घालून त्याखाली ट्रेलर उभा करणे हा या सगळ्या कामातला सर्वांत कमी शोभेचा आणि सर्वांत उपयोगी खर्च आहे. जॅक थेट मातीवर टेकवू नयेत. खाली काँक्रीटचा ठोकळा आणि त्यावर लोखंडी पाटी असावी, नाहीतर वाळवी जॅकवरून वर चढते आणि आपण नवी प्लाय तिच्यासाठीच आणली असे होते.

चासीचे काम थोडक्यात सांगतो, कारण ते कोणताही चांगला वेल्डर करतो: गंज घासून काढणे, झिंकचा प्रायमर, वर इपॉक्सी रंग, बेअरिंगना नवे ग्रीस आणि ब्रेकची तपासणी. टायरवरचे चार आकडी निर्मितीचे कोड मात्र स्वतः वाचावे. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत दिसली तरी दहा वर्षांच्या टायरवर घाट चढू नये.

आता नळ. आपल्या ट्रेलरमध्ये मूळचे तांब्याचे पाइप असतील किंवा करड्या रंगाचे लवचीक प्लास्टिकचे. ते करडे पाइप पॉलिब्यूटिलीनचे असतात. साधारण १९७८ ते १९९५ या काळात ते अमेरिकेत सर्रास वापरले गेले आणि पाण्यातल्या क्लोरीनमुळे आतून ठिसूळ होतात म्हणून पुढे बदनाम झाले. ते असतील तर एक इंचही ठेवू नये. तांबे असेल तर जपावे असे वाटणे साहजिक आहे, पण दोन गोष्टी तपासाव्यात. थंड देशात एखाद्या हिवाळ्यात आतले पाणी गोठून पाइपला लांबट चीर गेलेली असू शकते, आणि ती पाणी सोडल्याशिवाय दिसत नाही. दुसरी गोष्ट आपल्या विहिरीची. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. असे पाणी तांबे हळूहळू खाते आणि बेसिनमध्ये हिरवट-निळा डाग पडू लागतो. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात खारटही होतात. चांदेल प्रकल्पाचे नळाचे पाणी मिळत असेल तर टाकी त्यानेच भरावी.

सीपीव्हीसी घरासाठी उत्तम आहे, कारण घराची भिंत हलत नाही. ट्रेलर मात्र चालताना पिळतो, आणि कडक पाइपाचा प्रत्येक चिकटवलेला एल्बो तो पीळ सोसतो. त्याऐवजी पेक्सचा (लवचीक प्लास्टिकचा) किंवा आपल्याकडे सोलरसाठी मिळतो तो ॲल्युमिनियमच्या थराचा कंपोझिट पाइप घ्यावा. दुकानात तो बाराशे सोळा या नावाने मागतात. आतून १२ आणि बाहेरून १६ मिलिमीटर असा त्याचा अर्थ. स्प्रिंग घालून वाकवला की तो वाकवलेल्या आकारात राहतो, त्यामुळे एल्बो जवळजवळ लागतच नाहीत. पंपानंतर एक छोटा मॅनिफोल्ड (एका पाइपातून अनेक फाटे काढणारा जोड) बसवावा आणि प्रत्येक नळाला तिथून स्वतंत्र, अखंड पाइप न्यावा. मग भिंतीत सांधा उरत नाही. सगळे सांधे एका कपाटात, दार उघडताच दिसतील असे येतात.

एका खोड्याची आगाऊ सूचना देतो. ट्रेलरची मूळ टाकी आणि जुने नळ अमेरिकी आट्यांचे असतात, तर आपल्या दुकानातली फिटिंग ब्रिटिश मापाची. अर्धा आणि पाऊण इंची मापांत दोन्हींना इंचात चौदाच आटे असल्याने ते एकमेकांत सहज शिरतात आणि दोन-तीन वेढे घट्टही बसतात. पण आट्यांचा कोन वेगळा असतो, एकाचा साठ अंश आणि दुसऱ्याचा पंचावन्न. कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी असा सांधा हादऱ्यांनी पाझरतोच, आणि प्लंबर तो आणखी आवळतो तेव्हा प्लास्टिकची टाकी चिरते. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टाकीपासून नळापर्यंत सगळे एकाच मापाचे नवे घेणे.

टाकी किती मोठी असावी याचा विचार लिटरमध्ये न करता किलोत करावा, कारण शंभर लिटरच्या टाकीत शंभर किलो पाणी असते. ती धुरीच्या (चाकांच्या आसाच्या) वर किंवा किंचित पुढे बसवावी. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकावर यावा, असा अमेरिकी ट्रेलरांचा दंडक आहे. मागच्या टोकाला भरलेली टाकी असेल तर हा भार हलका होतो आणि उतारावर ट्रेलर शेपटीसारखा हेलकावू लागतो. चोर्ल्याच्या वळणांवर तसे घडले तर ब्रेक दाबूनही सावरणे कठीण जाते. घाटाला निघताना टाकी रिकामी किंवा पूर्ण भरलेली असावी; अर्धी टाकी आत उसळत राहते.

पंप १२ व्होल्टचा, आपोआप सुरू-बंद होणारा डायफ्राम पंप घ्यावा. मिनिटाला दहा-अकरा लिटर पाणी आणि ३ बारच्या आसपास बंद होणारा स्विच या आकाराच्या ट्रेलरला पुरतो. त्याच्या आधी जाळीचा गाळणीडबा हवाच, कारण टाकीतला कचरा पंपाचे व्हॉल्व्ह अडकवतो. दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मऊ नळी ठेवली आणि पंप रबरावर बसवला की रात्री नळ सोडताच सगळा ट्रेलर घुमत नाही. पाहुण्यांच्या दिवसांत घराच्या टाकीवरून थेट जोड घेणार असाल, तर दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो हे लक्षात ठेवावे. एकमजली घराच्या टाकीतून अर्धा बारही मिळणार नाही आणि शॉवर रडत येईल. घरात प्रेशर पंप असेल तर उलट अडचण येते, तेव्हा जोडाच्या तोंडाशी दाब कमी करणारा रेग्युलेटर लावावा.

सांडपाण्याच्या पाइपला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार द्यावा. साध्या ट्रॅपमधले (बेसिनखालच्या वाकड्या पाइपातले) पाणी प्रवासात उसळून निघून जाते आणि उन्हाळ्यात बंद ट्रेलरमध्ये आठवड्यातच सुकते, मग सांडपाण्याच्या टाकीची घाण हवा आत येते; म्हणून पाण्याविना काम करणारा, आत रबरी पडदा असलेला ट्रॅप मिळाल्यास तो घ्यावा. हवेचा पाइप छताच्या वर काढून त्याच्या तोंडाला जाळी बांधावी, नाहीतर टाकी डासांची पैदास करते.

कमोडबाबत आपला बेत बदलावा असे मला सुचवायचे आहे. घरातला चिनीमातीचा कमोड जड असतो, हादऱ्यांनी त्याचा पाया तडकतो, आणि एका फ्लशला तो सहा लिटर किंवा जास्त पाणी सोडतो. ट्रेलरचे शौचालय अर्ध्या-एक लिटरवर चालते. पण खरी अडचण त्या मापातच आहे: ते कागद वापरणाऱ्यांसाठी काढलेले आहे. आपण पाण्याने धुतो, जेट वापरतो, आणि पाहुणा बादलीभर पाण्याने आंघोळ करतो; त्यामुळे परदेशी पुस्तकात चार दिवसांची म्हणून दिलेली टाकी आपल्याकडे दीड दिवसात भरते. एवढ्यासाठी मी दोन व्यवस्था सुचवतो. भाटात उभा असताना ट्रेलरच्या प्लास्टिक शौचालयाचा तीन इंची पाइप थेट घराच्या सेप्टिक टँकला जोडावा. प्रवासाला वीस लिटरच्या आतबाहेरचे काढता येणारे कॅसेट शौचालय न्यावे आणि ते घरी किंवा मुक्कामाच्या शौचालयात रिकामे करावे. ओट्याचे आणि आंघोळीचे पाणी माडांच्या आळ्यात सोडायला हरकत नाही, मात्र मळाचे पाणी वेगळ्या उथळ खड्ड्यात सोडू नये. पावसाळ्यात किनाऱ्यालगत भूजल इतके वर येते की ते पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत जायला वेळ लागत नाही.

गीझर तीन किंवा सहा लिटरचा विजेचा पुरे. गॅस गीझर ट्रेलरमध्ये कदापि बसवू नये. इतक्या लहान बंद जागेत त्याचा कार्बन मोनॉक्साइड माणसाला वासही न येता मारतो. स्वयंपाकाचा सिलिंडर बाहेर, जिभाळीवर (गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावर) ठेवावा आणि शेगडीच्या कपाटात जमिनीलगत बाहेर उघडणारे छिद्र ठेवावे, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो.

विजेचे मूळ वायरिंग ११० व्होल्टचे आहे. ते काढूनच टाकावे. आपल्या इलेक्ट्रिशियनला एवढे जरूर सांगावे की अमेरिकी घरगुती वायरिंगमध्ये काळी वायर फेज असते, आणि आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल. त्या गैरसमजातून सगळ्या पत्र्याला करंट येऊ शकतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच), आणि पत्रा व चासी दोन्ही पक्क्या अर्थिंगला जोडलेले, यात काटकसर नको.

आता कुठे सुताराची पाळी येते. जुने काही फेकू नये: प्रत्येक फळीवर क्रमांक घालून, फोटो काढून ती ठेवावी, कारण वक्र छताला बसणारी कपाटाची बाजू नव्याने मोजून कापण्यापेक्षा कुजलेल्या फळीवरून नक्कल कापणे कितीतरी सोपे असते. प्लाय आयएस ७१० शिक्क्याची, म्हणजे ७२ तास उकळण्याच्या कसोटीला उतरणारी घ्यावी. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पहिल्याच श्रावणात बिस्किटासारखे फुगतात. आपला सुतार घराच्या सवयीने सगळीकडे १८ मिलिमीटर प्लाय लावू पाहील, पण तिची आठ बाय चारची एक शीट सुमारे पस्तीस किलोची होते; दहा शीट म्हणजे साडेतीनशे किलो, आणि धुरी ते निमूटपणे सोसणार नाही. जमीन १८ची असू द्यावी, पलंगाचा सांगाडा १२चा, कपाटांच्या बाजू ९च्या आणि दारे चौकटीत विणलेल्या वेताच्या जाळीची करावीत. वेत हलका असतो, हवा खेळवतो, आणि त्याचे काम करणारे कारागीर आपल्याकडे अजून मिळतात. कापलेल्या प्रत्येक कडेला, अगदी स्क्रूच्या भोकालाही, इपॉक्सी किंवा पॉलिशचा हात फिरवावा. प्लाय पाणी पिते ते कडेने. गादी सलग फळीवर ठेवू नये, खाली पट्ट्यांचा पलंग असावा, नाहीतर आषाढात खालून बुरशी येते.

भिंतीत काय भरावे, याबाबत अमेरिकी पुस्तके आपली दिशाभूल करतात. तिथे घरातली ऊब आणि वाफ बाहेर जाऊन थंड पत्र्यावर पाणी धरते, म्हणून वाफ अडवणारा कागद आतल्या बाजूला लावतात. आपल्याकडे एसी लावला की आतली भिंत थंड होते आणि दमट हवा बाहेरच्या फटींतून शिरून त्या आतल्या कागदाच्या मागच्या अंगावर पाणी धरते. ग्लासवूल असेल तर ते भिजून खाली बसते. मी भिंतीत बंद पेशींचे एक्सपीएस फोमचे तुकडे घालतो, आत प्लास्टिक लावत नाही, आणि जमिनीजवळ एक व छतात एक असे दोन झरोके कायम उघडे ठेवतो. जमिनीवर मूळच्या जुन्या फरशा काळ्या डांबरी गोंदावर चिकटवलेल्या दिसल्या तर त्या घासू किंवा ग्राइंडरने काढू नयेत. त्या काळच्या फरशांत ॲस्बेस्टॉस असणे शक्य आहे. त्यांवर नवी पातळ जमीन टाकणे बरे.

वेळेचे गणित असे मांडावे. नोव्हेंबरात ट्रेलर उघडून लाकूड वाळू द्यावे, डिसेंबर-जानेवारीत सांगाडा आणि सांधे, फेब्रुवारीत नळ आणि वायरिंग. फर्निचर लावण्यापूर्वी टाकी भरून, पंप सुरू करून, सगळे नळ बंद ठेवून एक रात्र जाऊ द्यावी आणि प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवावा. रात्रीत पंप स्वतःहून एकदा जरी धडधडला, तरी कुठेतरी गळती आहे. सकाळी ओला कागद ती दाखवतो. हे सगळे कोरडे निघाल्यावरच सुताराला मार्चमध्ये बोलावावे. मेच्या मध्यावर, अर्धे सामान भरून, ट्रेलर साखळी गावापर्यंत ओढून न्यावा आणि परत आल्याबरोबर ओट्याखालचे दार उघडून मॅनिफोल्डवर कोरडा हात फिरवावा. मृगाला तेव्हा तीन आठवडे शिल्लक असतात आणि एखादा सांधा पुन्हा करायला तेवढे पुरतात.